साखरेचा आजार : चालणे आणि डब्यातले क्षार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्याच आळीतल्या एका वहिनींनी मागे मला क्षारांच्या भुकटीचा डबा दाखविला. जस्त, क्रोमियम, सेलेनियम, सगळे एका चमच्यात! डब्याच्या खर्चापायी त्यांनी शुगरची तपासणी पुढे ढकलली होती आणि दोन वेळची गोळी एका वेळेवर आणली होती. म्हणून आज हा विषय घेतला.

चूल पेटली की थोडा धूर व्हायचाच. देहात अन्न जळतानाही पेशींना इजा करणारे कण निघतात. तो देहातला धूरच म्हणा. रक्तात साखर चढलेली राहिली की हा धूर वाढतो. डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा बिघडण्यात त्याचा वाटा असतो. त्याला आवर घालणारी द्रव्ये देह स्वतःच घडवितो व त्यासाठी जस्त, तांबे, मँगनीज, सेलेनियम लागतात. इथवर डबेवाल्याचे म्हणणे खरे. पण भाजीला मीठ लागते म्हणून कोणी मूठभर घालीत नाही. अमेरिकेत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांत मधुमेह कमी होण्याऐवजी अधिकच आढळला, असे २००७ साली प्रसिद्ध झाले.

चालण्याचे तसे नाही. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. त्यानेही किंचित धूर होतो. पण त्याच इशाऱ्याने देह आपली संरक्षक द्रव्ये वाढवितो. २००९ साली जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तेव्हा व्यायामाचा इन्सुलिनवर होणारा चांगला परिणाम दिसेनासा झाला!

“आम्ही शेतात राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?” रोवणीच्या दिवसांत नकोच. पण रोवणी आणि कापणी यांच्या मधल्या दिवसांचे काय? आठवड्यातून पाच दिवस, अर्धा अर्धा तास पुरे. ‘पहाटे फिरा’ हा सल्ला पुण्या-मुंबईचा. चंद्रपूर-गडचिरोलीत अंधारात आपली आणि वाघ-बिबट्याची वाट एकच असते. ऊन उतरल्यावर, दिवस असतानाच, चारचौघींनी मंडळाच्या पटांगणात चालावे. पायात चप्पल हवीच. नसा बधिरल्या की काटा रुतलेला कळत नाही.

क्षार ताटातून घ्यावेत : जवसाची चटणी, तीळ, डाळी, पालेभाज्या. भाताचा ढीग मात्र निम्मा करा. खरोखर कमतरता निघाली तर डॉक्टर देतील ते घ्यावे. मूत्रपिंडे अधू असतील तर मॅग्नेशियम अंगात साचते, म्हणून आपल्या मनाने मुळीच नको.

आणखी एक. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. अशा बाईच्या तीन महिन्यांच्या साखरेच्या तपासणीत आकडा खोटाच कमी येऊ शकतो. तेव्हा घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

ज्या इन्सुलिन घेतात त्यांनी चालायला येताना पदराला साखरेची पुडी बांधून यावे. घाम सुटला, हात कापू लागले, तर लाजू नका. लगेच तोंडात टाका आणि शेजारणीला सांगा.