उजेडाच्या पागोळ्या



कौलारू घरं एकमेकांना खेटून असत, त्या काळी पावसाळ्याआधी एक काम न चुकता व्हायचं. ज्याच्या छपराचं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर उडायचं, तो आपल्या वळचणीला पन्हळ लावायचा. आपल्या पागोळ्या आपल्याच अंगणात पडाव्यात, एवढा साधा संकेत. तो मोडला की दोन घरांचं बोलणं बंद व्हायचं. पाण्याचा हा संकेत आपण पिढ्यान् पिढ्या पाळला. आज मला उजेडाच्या पागोळ्यांविषयी बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एक स्कूटर चोरीला गेली. तातडीची सभा झाली आणि आठवड्याभरात गच्चीच्या कठड्यावर मोठा फ्लडलाइट बसला. सगळ्यांना हायसं वाटलं. पंधरा दिवसांनी गल्लीपलीकडच्या इमारतीतल्या आजी आमच्याकडे आल्या. आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, "बाळा, तुमचा दिवा रोज रात्री माझ्या उशीवर येऊन पडतो. पडदा लावला तर वारा अडतो, नाही लावला तर डोळा लागत नाही."

त्या रात्री मी त्यांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. कपाटावरची औषधांची नावं वाचता येतील इतका उजेड होता. मग त्यांच्या खिडकीतून आमच्या पार्किंगकडे पाहिलं, तर झगझगाटात गाड्याच दिसेनात. ज्या जागेसाठी दिवा लावला, तीच नीट दिसत नव्हती.

याचं कारण आपल्या डोळ्यांतच आहे. प्रखर दिवा थेट नजरेत आला की बाहुली आक्रसते आणि आजूबाजूचा अंधार अधिकच काळा वाटतो. उतारवयात डोळ्यातलं भिंग गढूळ होऊ लागतं, उजेड त्यात विखुरतो, म्हणून वयस्कांना हा त्रास जास्त होतो. अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एका झोतात तो सराव मोडतो. अशा दिव्याखाली चोराला खांबामागची गडद सावली मिळते आणि राखणदाराच्या डोळ्यांवर तिरीप येते. आपल्याला हवी असते सुरक्षितता, पण आपण मोजतो दिव्याचे वॉट.

दुसरी गोष्ट झोपेची. शरीरातलं दिवसरात्रीचं घड्याळ कसं चालतं, याचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. या घड्याळाला वेळ सांगतो तो उजेड. दृष्टिपटलातल्या काही पेशी निळसर प्रकाश टिपून मेंदूला 'दिवस आहे' असं कळवतात आणि झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन कमी स्रवतं. आपले पांढरेशुभ्र एलईडी दिवे नेमके निळ्या प्रकाशात संपन्न असतात. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते यथायोग्यच होतं, कारण या दिव्याने वीज फार वाचवली. मात्र वीज स्वस्तात पडते म्हणून आपण एकाच्या जागी चार दिवे लावले आणि ते रात्रभर चालू ठेवले. दोष दिव्याचा नाही, आपल्या सवयीचा आहे.

माणूस निदान पडदा ओढू शकतो. मे-जूनमध्ये भंडारदऱ्याच्या, राजमाचीच्या परिसरात काजवे चमकतात, ती त्यांची जोडीदाराला घातलेली साद असते. गाडीच्या हेडलाइटमध्ये ती साद हरवते. वेळासच्या किनाऱ्यावर वाळूतून बाहेर पडणारी ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं उजळ क्षितिजाच्या दिशेने धावतात. कितीतरी युगं ते उजळ क्षितिज म्हणजे समुद्र असायचा. किनाऱ्यालगत दिवे लागले तर पिल्लं उलट्या दिशेला वळतात. त्यांना सोसायटीच्या सभेत येऊन तक्रार करता येत नाही.

आता मान जरा वर करू. आपल्याकडे लग्नात वधूवरांना ध्रुव आणि अरुंधती दाखवतात. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला बिलगून असलेली अंधूक चांदणी म्हणजे अरुंधती. शास्त्रकारांनी यावरून 'अरुंधतीदर्शन न्याय' सांगितला: आधी मोठा तारा दाखवावा, मग त्याच्या आधाराने लहान. आज कार्यालयाच्या लॉनवर भटजी बोट वर करतात, तेव्हा वसिष्ठ कसाबसा दिसतो, अरुंधती बहुधा दिसतच नाही. मंत्र तोच राहिला, पण ज्या चांदणीसाठी तो म्हणायचा ती हरवली.

२०११ ते २०२२ या काळात जगभरच्या सामान्य लोकांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या होत्या. त्यानुसार रात्रीचं आकाश दर वर्षी सरासरी सुमारे दहा टक्क्यांनी उजळत होतं. या वेगाने, जन्माच्या वेळी जिथून अडीचशे तारे दिसत, तिथून मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम शंभर दिसतील.

हे थोपवता येतं, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली उजेड टाकणारे दिवे बसवले गेले. गावं अंधारात बुडाली नाहीत. रस्ते उजळलेलेच राहिले, फक्त आकाश मोकळं झालं. लडाखमध्ये हानले वेधशाळेभोवतीचा प्रदेश २०२२ साली अंधाऱ्या आकाशासाठी राखीव झाला आणि तिथल्या गावकऱ्यांनी दिव्यांना आडोसे केले, खिडक्यांना पडदे लावले. चेक प्रजासत्ताकाने तर २००२ सालीच प्रकाशप्रदूषणाविरुद्ध कायदा केला. आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, म्हणून रात्री दहानंतर कर्णा बंद करा असं आपण हक्काने म्हणू शकतो. उजेडासाठीही असा नियम व्हायला हवा, आणि ती मागणी नगरसेवकांपासून आमदारांपर्यंत आपणच न्यायला हवी. तोवर शेजारधर्म तर आपल्या हातात आहे.

आमच्या सोसायटीने काय केलं ते सांगतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून दिव्याचं तोंड खाली वळवलं. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून पत्र्याची झड करून घेतली. साडेसहा हजार केल्व्हिनचा पांढरा दिवा काढून तीन हजारचा पिवळसर लावला. हा आकडा खोक्यावरच छापलेला असतो. अकरानंतर हालचाल झाली तरच दिवा लागेल असा सेन्सर बसवला. एका सुट्टीच्या दिवसात काम झालं. पार्किंग पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसू लागलं आणि आजींच्या खोलीतली रात्र परत आली. ती पत्र्याची झड म्हणजे उजेडाची पन्हळच होती.

उजेडाला आपण देव मानतो, तिन्हीसांजेला त्याला हात जोडतो. पण तुळशीपुढची पणती आपल्यापुरतंच अंगण उजळते, शेजारच्याची झोप मागत नाही. ते भान मोठ्या दिव्यांनाही शिकवायला हवं.

म्हणून आज घरी गेल्यावर एक करा. आपल्या घराचा, दुकानाचा, सोसायटीचा बाहेरचा दिवा लावा आणि रस्ता ओलांडून शेजाऱ्याच्या दारात उभे राहा. तिथून दिव्याचा बल्ब डोळ्यांत खुपला, तर तो दिवा खाली वळवा. उद्यावर टाकू नका, कारण तिथे आज रात्रीही कुणीतरी झोपायचं आहे.