मृताचे कुलूप आणि वारसाचा हक्क
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



घरातील कर्ता माणूस गेला आणि त्याच्या ट्रंकेची किल्ली सापडली नाही, तर पूर्वी कुलूप तोडले जाई. आतले खरेदीखत, पावत्या, उसनवारीच्या चिठ्ठ्या घरच्यांच्या हाती येत. आज ट्रंकेची जागा संगणकाने आणि मोबाईलने घेतली आहे. भूम, परंडा, कळंब, वाशी या तालुक्यांतील तरुण नोकरीसाठी पुण्यामुंबईस जातात. त्यांतील एखाद्यास अकाली मृत्यू येतो, त्याचे सामान गावी परत येते, आणि त्या सामानातील संगणक पासवर्ड मागतो. त्यात कर्जाचे हप्ते, विम्याची कागदपत्रे, घरभाड्याची अनामत, मुलांची छायाचित्रे असे सारे काही असते. पण वृद्ध पित्यास आणि विधवा पत्नीस त्यातील एक अक्षरही दिसत नाही. ही आपत्ती वरकरणी खासगी वाटते. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र सार्वजनिक हक्काचा आहे.

प्रथम या कुलपाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानापायी होणारे नुकसान अधिक असते. संगणकाचे कुलूप दोन प्रकारचे असते. साधा पासवर्ड हा केवळ दारावरचा पहारेकरी होय. आतील डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, तर तीवरील कागद वाचता येतात. दुसऱ्या प्रकारात डिस्कवरील प्रत्येक अक्षर सांकेतिक रूपात बदललेले असते. अशी डिस्क कोठेही जोडली तरी किल्लीवाचून निरर्थक ठरते. विंडोज संगणकावर बिटलॉकर चालू असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक लागतो. तो मृताच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा एखाद्या छापील कागदावर असू शकतो. तो कोठेच नसेल, तर यंत्र बनविणारी कंपनीदेखील ते उघडू शकत नाही. म्हणून घाईने संगणक दुकानात नेऊन ‘फॉरमॅट’ करून घेणे म्हणजे ट्रंक उघडत नाही म्हणून ती पेटवून देण्यासारखे आहे. मोबाईलवर अंदाजाने आकडे टाकीत राहणेही तसेच घातक आहे. चुकीच्या प्रत्येक प्रयत्नानंतर प्रतीक्षा वाढते आणि काही फोनांवरील सारा मजकूर पुसलाही जातो. मृताचा मोबाईल क्रमांकही बंद पडू देऊ नये. मृत्यूच्या दाखल्याच्या आधारे तो वारसाच्या नावे करून घ्यावा. कारण दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी काढून घेते व तो पुढे दुसऱ्या कोणास मिळू शकतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कुलूप लागते ते कागदांना, हक्काला नव्हे. मृताचे पैसे बँकेत असतात आणि जमीन तलाठ्याच्या दप्तरात. संगणक उघडला नाही म्हणून त्यांवरील वारसाहक्क बुडत नाही. तसेच, ज्याच्या हाती मृताचा फोन आहे तो मालकही होत नाही. सासरच्या मंडळींनी फोन ताब्यात ठेवला आणि विधवेस काही कळू दिले नाही, अशा वेळी कार्यकर्त्याने तिला स्पष्ट सांगितले पाहिजे की हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे ती, तिची मुले आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. बँकेतील नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ठेवींच्या बाबतीत २०१० साली आणि समभागांच्या बाबतीत २०२३ साली स्पष्ट केले आहे.

परंतु हक्क आहे एवढ्याने भागत नाही. तो कोठे आहे हे ठाऊक असावे लागते. कोणत्या बँकेत खाते, कोणता विमा, हे कुलूपबंद यंत्रातच राहिले, तर वारस मागणार काय? मार्च २०२४ अखेर देशातील बँकांच्या ज्या बेवारस ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होत्या, त्यांचा आकडा ७८,२१३ कोटी रुपये होता. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. ते उपयुक्त आहे. पण ज्या घरातील एकमेव जाणता माणूस गेला, त्या घराला त्याची वार्ता कोण देणार?

मराठवाड्यास हे कुलूप नवे नाही. निजामी राजवटीत दप्तराची भाषा उर्दू होती. कसणाऱ्याच्या जमिनीची नोंद सरकारी कपाटात असे, आणि ती त्याला वाचता येत नसे. ७५ वर्षे लोटल्यावर, २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला जुन्या कुणबी नोंदी शोधाव्या लागल्या, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. लिपीची जागा आता पासवर्डने घेतली आहे, एवढाच फरक. याच धाराशिव जिल्ह्यात २०२० च्या खरिपात अतिवृष्टीने पिके गेली, तेव्हा ७२ तासांच्या आत नुकसानीची सूचना दिली नाही म्हणून शेतकऱ्यांस विम्याची भरपाई नाकारण्यात आली. लढा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला आणि मे २०२२ मध्ये सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश झाला. यंत्राच्या आणि मुदतीच्या दारावर अडलेला हक्क संघटित बळाने सोडविता येतो, हा त्यातील धडा आहे.

आता कायद्याकडे पाहावे. जमिनीचा मालक मेला, तर वारसांनी तलाठ्याकडे कळवायचे, गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद व्हायची, हितसंबंधितांस नोटीस जायची, हरकतीसाठी १५ दिवस द्यायचे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित करायचा, असा राजमार्ग आहे. त्यात दिरंगाई होते, हात ओले करावे लागतात, ही गोष्ट वेगळी; पण मार्ग आहे. मृताच्या संगणकातील मजकुरासाठी असा मार्ग नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मृत्युपत्राला लागूच होत नाही. म्हणजे इच्छापत्र कागदावरच करावे लागते. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात, कलम १४ अन्वये, आपल्या पश्चात आपले हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र जिवंतपणी कोणास नेमले नसेल, तर ही तरतूद वारसाच्या कामी येत नाही. गूगलने २०१३ साली व ॲपलने २०२१ साली वारस नेमण्याची सोय केली. तीही ज्याला ठाऊक आहे त्याच्यापुरतीच. शिवाय नागरिकाचा वारसा कंपनीच्या मर्जीवर का असावा?

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये एका मृत मुलीचे फेसबुक खाते तिच्या आईवडिलांस खुले करण्याचा निकाल दिला. पत्रे आणि रोजनिशा वारसांकडे जातात, मग हा मजकूर का जाऊ नये, असा त्यातील विचार होता. मृताच्या खासगी गोष्टींचा आणि त्याला लिहिणाऱ्या तिऱ्हाइतांचा मान राखला पाहिजे, हा आक्षेप योग्यच आहे. त्याचे उत्तर मात्र सारेच बंद ठेवणे हे नव्हे. मालमत्तेचे व हक्काचे कागद वारसास मिळावेत आणि उरलेल्या मजकुराबाबत न्यायालयाने मर्यादा घालावी, हे त्याचे उत्तर आहे.

म्हणून पक्षाची मागणी सरळ असावी. वारस नोंदीच्या धर्तीवर, मृत्यूचा दाखला आणि वारसांची ओळख पटल्यावर, ठरावीक मुदतीत व विनाशुल्क मृताच्या खात्यांतील आर्थिक कागद देण्याचे बंधन कंपन्यांवर कायद्याने घालावे. तहसील कार्यालयात या कामी साहाय्य करणारा कक्ष असावा. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकट्या पडलेल्या शेतकरी स्त्रीस तेथे प्रथम स्थान असावे.

सरकारकडे बोट दाखविताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. नॉर्वेतील ईवार ओसेन भाषा केंद्रात एका प्राध्यापकाच्या ग्रंथसंग्रहाची सूची अशाच रीतीने अडकून पडली होती. पासवर्ड जाणणारा कर्मचारी मरण पावला होता. २००२ साली केंद्राने जाहीर आवाहन केले, तेव्हा कोडे काही तासांत सुटले. त्या प्राध्यापकाचे आडनाव उलटे लिहिले, की पासवर्ड तयार होत होता. प्रत्येकाचे नशीब असे नसते. सहकारी सोसायटीचा हिशेब, बचत गटाची नोंदवही, तालुका कचेरीची सभासद यादी एकाच माणसाच्या संगणकात आणि एकाच माणसाच्या स्मरणात असेल, तर ती संस्था लोकशाही संस्था म्हणविण्यास पात्र नाही. जेथे किल्ली एकट्याची, तेथे सत्ताही एकट्याचीच होते. दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने बंद केलेल्या लिफाफ्यात पासवर्ड ठेवावा आणि तो बदलला की लिफाफाही बदलावा. खाती, विमा, कर्जे यांची कागदी यादी कार्यकर्त्याने आपल्या घरी पत्नीच्या, मुलीच्या हाती द्यावी. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने एवढे काम पुरे करावे. जिवंतपणी किल्ली वाटून घेणाऱ्यांच्या वारसांना पुढे कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही.