आजोबाचा कागद

(परभणीत अकरावी-बारावीच्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'बारावीनंतर पुढं काय'. मी मॅट्रिक. मुंबईला गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. कॉलेजात कसं शिकायचं हे मी काय सांगणार? पण गोदीत एक गोष्ट पाठीवर शिकलो. माल जहाजातून उतरतो, शेडात पडतो. मालक समोर उभा असतो, माल त्याचाच हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी गेटपास नसला की पेटी हलत नाही. तुमचं तेच होणार हाय. तुम्ही मार्कांमागं धावताय आणि तुम्हाला गेटवर अडवणार हाय कागद. म्हणून आज कागदावरच बोलतो.

आधी मेरिटवाल्यांचा हिशेब चुकता करू. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ मार्क होते. अडतीस टक्केसुद्धा नाहीत. तोच माणूस १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेला. पुढं काय झालं ते जगाला माहीत हाय. परळच्या चाळीतली एक खोली, तिच्यात अख्खं बिऱ्हाड, धूर आणि रात्रीचा अभ्यास, याचे मार्क पेपर तपासणाऱ्यानं धरले नव्हते. आजही धरत नाहीत. लातूरला नाहीतर नांदेडला क्लास, खोली आणि डबा दोन वर्षं ज्याच्या बापाला परवडला त्याच्या गुणाला मेरिट म्हणतात. गंगाखेड-सोनपेठकडची आपली माणसं बारावीच्या ऐन परीक्षेच्या वेळी उसाच्या फडात कोयता चालवत असतात. त्यांच्या पोरानं मागं राहून म्हाताऱ्या आजीला सांभाळत नीटचा पेपर दिला, तर ७२० पैकी त्याचे जे येतील ते मार्क माझ्या लेखी दुप्पट. पण माझ्या लेखी कुणाला प्रवेश मिळत नाही.

आता जागा मोजा. परभणीत २०२३ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, शंभर जागांचं. पेढे वाटले लोकांनी. शंभरातल्या १५ अखिल भारतीय कोट्यात गेल्या. राहिल्या ८५. त्यात अनुसूचित जातीला १३ टक्के, म्हणजे अकरा. त्या अकराही आपल्या जिल्ह्याच्या नव्हेत, अख्ख्या राज्याच्या. पूर्वी सत्तर-तीसचं सूत्र होतं. ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या पोरांना, ३० टक्के सगळ्या राज्याला. मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळं हुशार पोरगं असूनही कोंडी व्हायची. २०२० साली ते सूत्र मोडलं, बरं झालं. पण आता त्या अकरा जागांवर पुण्या-मुंबईचंही पोरगं तुमच्याशी लढणार, हे ध्यानात ठेवा.

आणि समजा लागला तुमचा नंबर. मग विचारतात, जात वैधता कुठं हाय?

कायदा २००१ चा. खोटे दाखले काढून आपल्या जागा गिळणारे होते, अजून हायेत. म्हणून तपासणी पाहिजेच, तिला माझा विरोध नाही. पण मागतात काय ते बघा. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा. आजोबाचा शाळेचा निर्गम उतारा नाहीतर जमिनीचं, वतनाचं दफ्तर. अरे, आमच्या आजाला शाळेच्या पायरीवर चढू दिलं नाही म्हणून तर आम्ही त्या यादीत हाव! जमीन दिली नाही म्हणून हाव! जे नाकारलं त्याचाच उतारा मागायचा, हा कुठला न्याय? त्यात आपला हा मुलूख निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कारभार उर्दूत. कुठं कागद सापडलाच तर तो उर्दूत नाहीतर मोडीत, वाळवी लागलेला, आणि त्यावर आजोबाचं नाव नुसतं 'धोंड्या'.

वडार-कैकाड्यांचं अजून तऱ्हेवाईक. भटक्या-विमुक्तांना तारीख २१ नोव्हेंबर १९६१. दगड फोडत गावोगाव फिरणाऱ्याला विचारतात, त्या साली मुक्काम कुठं होता, सही-शिक्क्यानिशी सांग. याच परभणीत १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनबाहेर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळची संविधानाची प्रतिकृती फोडली. त्यानंतर धरपकड झाली. त्यात सापडलेला सोमनाथ सूर्यवंशी वडाराचा पोरगा, वकिली शिकत होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. इतक्या गेटांतून पार होऊन लॉ कॉलेजपर्यंत पोचलेलं पोरगं होतं ते.

आणखी एक गेट फक्त बौद्धांसाठी हाय. आपला राज्याचा दाखला एका नमुन्यात, आयआयटीला, केंद्राच्या कोट्याला लागणारा दुसऱ्या. १९९० साली कायदा बदलला, बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या नमुन्यात मूळ जात लिहिलेली पाहिजे. १९५६ ला जी टाकून दिली ती जात कागदापुरती परत घ्यायची. कडू लागतं, मला माहीत हाय. तरी काढून ठेवा. ऐनवेळी तहसीलच्या दारात तत्त्वज्ञान सांगत बसू नका.

पैशाचंही तसंच. आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित पोराचे पन्नास हजार कार्डातल्या बिघाडानं वेळेत भरले गेले नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं त्याला जागा देवविली. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या मजुराच्या पोराची धनबादची जागा साडेसतरा हजारांसाठी गेली होती, तीही ३० सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानंच परत दिली. कोर्टाला सलाम. पण साडेसतरा हजारांसाठी दिल्ली गाठणारे किती?

आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं नाही गाठली. फार्मसीची जागा हातात, वैधतेची नुसती पावती. मुदत संध्याकाळी पाचला संपणार. कॉलेज म्हणालं, खुल्या गटातून घे, खुली फी भर. शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मागाहून येते, फी आज पाहिजे. बाप सावकाराकडून येईपर्यंत पाच वाजून गेले. आज ती पोरगी कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालते. गिऱ्हाईक नसलं की जुनं केमिस्ट्रीचं पुस्तक काढून बसते. मालक ओरडतो.

तेव्हा अकरावीतल्यांनो, आत्ताच अर्ज टाका. कॉलेजच्या प्राचार्याची सही लागते, पंधरा-ए नमुन्यावर. तो देत नसेल तर आम्हाला घेऊन चला, आम्ही गोडीनं बोलू. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळाली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. चुलता बोलत नसेल, बांधावरून भांडण असेल, तरी जा. पाया पडा, झेरॉक्स आणा. आईकडचा कागद धरत नाहीत. जन्मभर खुरपं चालवून शिकवलं आईनं, पण तिच्या बापाचा उतारा चालत नाही! त्यावर वेगळं भांडायचंय, आज नाही.

रविवारी दहाला छावणीत या. येताना कोऱ्या कागदावर आजोबाचं, पणजोबाचं नाव, गाव, तालुका लिहून आणा. उर्दू वाचणारे एक म्हातारे मास्तर यायला कबूल झालेत. त्यांना चहा आपण पाजू.