स्वमग्न बालके आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वाचलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यावर अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन आम्ही पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविली व यथाकाल निवृत्त झालो. आम्ही वैद्य नव्हे, मानसशास्त्राचे पंडित तर नव्हेच. तथापि आजचा विषय आमच्या घरात गेली आठ वर्षे वावरत आहे आणि त्यासंबंधी जे थोडे कळले ते बहुतांशी चुका करून कळले. त्या चुका आपणांपुढे ठेवल्यास दुसऱ्या एखाद्या घरास त्या टाळता येतील, या हेतूने उभे आहोत.

आमचा नातू आज अकरा वर्षांचा आहे. तो स्वमग्न बालक आहे. डॉक्टर मंडळी ज्यास ऑटिझम म्हणतात ती त्याची अवस्था. हे वाक्य चारचौघांत उच्चारण्यास आम्हांस फार काळ लागला. या संमेलनास येताना आम्ही त्याला दरवर्षी घरी ठेवून येत असू आणि कोणी विचारल्यास 'त्याला जरा ताप आहे' असे सांगत असू. जन्मभर मुलांना खरे बोलण्याचा पाठ देणाऱ्या शिक्षकाने प्रतिवर्षी तेच असत्य सांगावे, ही गोष्ट भूषणावह खास नाही.

प्रथम ही अवस्था म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. १९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात या अवस्थेस स्वतंत्र स्थान मिळाले. मेंदूची जडणघडण जन्मापूर्वीच निराळ्या रीतीने होऊ लागते, असे आज शास्त्रज्ञ मानतात. अशी काही मुले उशिरा बोलतात, काही मुळीच बोलत नाहीत, तर काही ऐकलेलेच वाक्य पुनःपुन्हा म्हणतात. हाक मारली तरी मान वळवीत नाहीत. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाहीत. रोजचा क्रम मोडला की व्याकूळ होतात. आपणांस सहज सोसणारा आवाज, उजेड वा स्पर्श त्यांना असह्य होतो. एक मूल दुसऱ्यासारखे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस असा होता. म्हणजे आपल्या ज्ञातीतही अशी मुले असणारच. ती येथे दिसत नाहीत, याचा अर्थ ती घरी ठेवलेली आहेत.

'स्वमग्न' हा शब्द रूढ आहे म्हणून आम्ही वापरतो, परंतु तो किंचित फसवा आहे. मूल स्वतःतच दंग आहे, त्याला आपली पर्वा नाही, असा भास त्यातून होतो. आमचा नातू आम्ही बाहेरगावी गेलो की आमच्या चपला जेथे असतात त्या जागी जाऊन बसतो. त्याला माया नाही असे कोण म्हणेल? ती दाखविण्याची त्याची रीत तेवढी निराळी आहे.

आता पहिली चूक. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. शाळेचा तास वाजला की तो दोन्ही कान घट्ट झाकून ओरडे व पटांगणात पळे. प्रश्न विचारला तर उत्तर न देता तोच प्रश्न परत म्हणे. पाढे मात्र त्याला तिसापर्यंत मुखोद्गत होते. आम्ही त्यास हट्टी ठरविले. छडीही दिली. अखेर त्याच्या वडिलांस बोलावून सांगितले, 'याच्यामुळे इतर मुलांचे नुकसान होते. याला शाळेत पाठवू नका.' तो गृहस्थ शेतमजूर होता. त्याने मान डोलावली, मुलाचा हात धरला आणि गेला. त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आम्ही कधी विचारले नाही.

दुसरी चूक घरातली आहे. नातू तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा आम्ही सूनबाईंस दोष दिला. ती नोकरी करते, मुलाशी पुरेसे बोलत नाही, हातात सदा मोबाईल, असे आम्ही तिच्यादेखत म्हणालो. आमच्या सौभाग्यवतींनी त्यात गरोदरपणातील ग्रहणाची भर घातली. ती बिचारी उलट बोलली नाही. तिने रजा घेतली, एकटीने मुलाला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयात गेली आणि निदानाचा कागद आमच्यापुढे ठेवला. नंतर महिनाभर ती आमच्याशी कामापुरतेच बोलली. ते योग्यच होते.

पुढे आम्ही मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा कळले की ही चूक मोठमोठ्या विद्वानांनीही केली होती. आईच्या मायेत ऊब नसल्याने मूल असे होते, हे मत पाश्चात्य देशांत अनेक वर्षे प्रतिष्ठित होते. असंख्य मातांनी ते लांच्छन मुकाट्याने सोसले. १९६४ साली बर्नार्ड रिम्लंड या मानसशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते. लसीमुळे ही अवस्था येते असा एक लेख १९९८ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो सदोष ठरून २०१० साली त्या नियतकालिकानेच मागे घेतला. सारांश, दोष आईचा नाही, लसीचा नाही, ग्रहणाचाही नाही. आम्ही सूनबाईंची क्षमा घरात मागितली आहे. आज आपणां सर्वांसमक्ष पुन्हा मागतो.

डॉ. कॅनर यांच्या त्या अकरा मुलांतील पहिल्या मुलाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्याचे नाव डॉनल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी १९३३ साली त्याचा जन्म झाला. तत्कालीन सल्ल्यानुसार वयाची चार वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले. आईबापांचे मन राहिना. सुमारे वर्षभराने त्यांनी त्याला परत आणले व वडिलांनी डॉ. कॅनर यांस तेहतीस पानांचे पत्र लिहिले. पुढे काही वर्षे तो एका शेतकरी दांपत्याजवळ राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता. सदोदित मोजमाप करतो म्हणून त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणण्याच्या कामास लावले व तिची खोली सांगण्यास सांगितले. मक्याच्या ओळी मोजीत बसतो म्हणून नांगर हाती देऊन नांगरता नांगरता ओळी मोजावयास लावले. त्या शेतकऱ्याने शिक्षणशास्त्राचा ग्रंथ वाचला नसेल. पण मुलाचा नाद मोडावयाचा नसतो, त्याला कामाला जोडावयाचे असते, हे त्याने ओळखले. आम्हांस पस्तीस वर्षांत ते ओळखता आले नाही.

डॉनल्ड शाळा शिकला, महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडला, गावच्या बँकेत नोकरीस लागला, मोटार चालविण्यास शिकला, देशोदेशी एकटा हिंडला आणि २०२३ साली एकोणनव्वदाव्या वर्षी निवर्तला. कोणी म्हणेल, बँक त्याच्या आजोळच्या मंडळींची होती. खरे आहे, असे आजोळ सर्वांस लाभत नाही. परंतु गावाने त्याला आपला मानले होते, ही गोष्ट पैशाने येत नाही.

त्या शेतकऱ्याचा कित्ता आम्ही गिरविला. आमच्या नातवास एस. टी. गाड्यांच्या वेळापत्रकाचा नाद आहे. पूर्वी तो बसस्थानकावरील फलकापुढून हलत नसे व आम्ही त्याला ओढीत घरी आणीत असू. आता आम्ही वही घेऊन त्याच्याबरोबर जातो. गाडी सव्वानऊला सुटली व पावणेअकराला पोहोचली, तर किती वेळ लागला? घड्याळ व वजाबाकी या दोन्ही गोष्टी तो त्या फलकापुढे शिकला.

नित्याच्या व्यवहारात आम्हांस उपयोगी पडलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सूनबाईंनी भिंतीवर चित्रांची एक पट्टी लावली आहे: उठणे, दात घासणे, आंघोळ, न्याहारी, शाळा. झालेल्या कामाचे चित्र तो स्वतः काढून डब्यात टाकतो. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसले की त्याची घालमेल थांबते. त्याला सांगावयाचे ते मोजक्या शब्दांत, एका वेळी एकच. 'आधी आंघोळ, मग झोपाळा', एवढे पुरते. कुकरची शिट्टी होण्यापूर्वी त्याला सांगून अंगणात धाडतो. न्हाव्याच्या दुकानात नेण्यापूर्वी चार दिवस रोज नुसते दारापर्यंत जाऊन परत येतो. न्हावीदादाही समजूतदार, यंत्र न लावता कात्रीने केस कापतात. वरणाचा ओघळ भाजीस लागला की तो ताट सारतो, म्हणून त्याला खणांचे ताट घेतले. आणि जेव्हा तो अनावर होऊन रडतो, डोके आपटतो, तेव्हा तो हट्ट नसतो. त्याच्या सोसण्याची ती सीमा असते. अशा वेळी त्याच्या डोक्याखाली हात वा उशी द्यावी, दिवा मंद करावा, बोलणे बंद करावे व जवळ शांत बसावे. उपदेश करू नये. शिक्षकास हे फार कठीण जाते.

घरातील इतरांचाही विचार हवा. आमच्या नातीने एकदा विचारले, 'आजोबा, माझा पहिला नंबर आला हे कोणाच्या लक्षात आहे का?' त्या दिवसापासून रविवारची सकाळ आम्ही तिच्यासाठी राखली आहे. गुरुवारी दुपारी नातू आम्हां उभयतांकडे असतो आणि सूनबाई हवे तेथे जाते. कोठे जाते हे आम्ही विचारीत नाही.

शाळेविषयी सांगावयाचे तर, पहिल्या शाळेने एका सहामाहीनंतर आमच्या चिरंजीवांस बोलावून सांगितले, 'याच्यामुळे इतर मुलांचे नुकसान होते.' शब्द आमच्या ओळखीचे होते. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. तो शेतमजूर डोळ्यांपुढे उभा राहिला.

दुसऱ्या शाळेतील बाईंनी मात्र मार्ग काढला. त्यांनी त्याला भिंतीलगत पहिल्या बाकावर बसविले. घंटा होण्यापूर्वी त्या त्याला खूण करतात. फार गलबला झाला तर पाच मिनिटे व्हरांड्यात जाण्याची मुभा दिली. एक समजूतदार मुलगा शेजारी दिला. घर व शाळा यांच्यामध्ये एक वही रोज जाते-येते. तीत बाई दोन ओळी लिहितात व सूनबाई दोन ओळी लिहितात. यात एका पैचाही खर्च नाही.

कायदाही आपल्या बाजूस आहे, हे पालकांनी जाणून असावे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या अवस्थेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या शाळेत वा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारखर्चाची तरतूद आहे. शालान्त परीक्षेत जादा वेळ व लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यांचा अर्ज शाळेमार्फत वेळेवर करावा. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वाची गरज पडल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे जावे लागते. 'हमखास बरा करतो' असे सांगून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. ही अवस्था बरी करणारे औषध नाही. लवकर ओळख, वाचा व वर्तनाचे शिक्षण आणि धीर, हाच मार्ग.

आम्ही खोटी आशा दाखवीत नाही. आमचा नातू अद्याप चार शब्दांपलीकडे वाक्य बोलत नाही. तो डॉनल्डप्रमाणे पदवीधर होईल की नाही, आम्हांस ठाऊक नाही. आपल्या पश्चात त्याचे काय, हा प्रश्न त्याचे आईबाप रात्री एकमेकांस विचारतात. भिंतीपलीकडून आम्हांस ऐकू येतो. त्याचे उत्तर एकट्या कुटुंबाजवळ नाही. म्हणूनच आम्ही ज्ञातीपुढे आलो आहोत.

आमच्या विनंत्या तीन आहेत. पहिली, पुढील संमेलनात ध्वनिक्षेपकापासून दूर एक शांत खोली राखून ठेवावी, म्हणजे अशी मुले व त्यांच्या माता येथे येऊ शकतील. दुसरी, शिष्यवृत्ती निधीतून दोन-तीन कुटुंबांस जिल्ह्याच्या ठिकाणी उपचारास जाण्याचा प्रवासखर्च द्यावा. तिसरी, ज्या ज्ञातिबांधवांची दुकाने, छापखाने वा कारखाने आहेत, त्यांनी अशा मुलास मोठेपणी झेपेल ते काम देण्याची तयारी दाखवावी. त्याखेरीज एक गोष्ट ठरावाने होणारी नाही, ती मनाने व्हावी. वधूवर मेळाव्यात एखाद्या मुलीचे स्थळ तिला असा भाऊ आहे म्हणून परतविले जाते, आणि या भयानेच घरे आपली मुले लपवितात. आमची नात आज चौदा वर्षांची आहे. पुढे तिच्या विवाहाची बोलणी निघतील तेव्हा आम्ही तिच्या भावाविषयी काहीही लपविणार नाही. ज्यांस ते मान्य नसेल त्यांचे घर तिच्या योग्यतेचे नाही, असे आम्ही समजू.

या वर्षी नातवास आम्ही बरोबर आणले आहे. तो याक्षणी सभागृहाच्या मागील ओट्यावर त्याच्या आईसमवेत एस. टी.चे वेळापत्रक वाचीत बसला आहे. भोजनसमयी आपण त्याच्याशी अवश्य बोला. एकेकाने, हलक्या आवाजात. त्याने उत्तर दिले नाही तर रागावू नका. आपल्या गावची गाडी किती वाजता आहे एवढे विचारा. बहुधा तो सांगेल.