बोललेले दान आणि उताऱ्यावरचे दान
(जीर्णोद्धार समारंभाच्या सभेत केलेले भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा मोठाच मान समजतो. मी वक्ता नव्हे. शिक्षण एस.एस.सी., नोकरी तहसील कचेरीत कारकुनाची. अध्यात्म सांगण्याचा माझा अधिकार नाही, ते काम बुवांचे. मला थोडेफार कळते ते कागदातले. तेव्हा सार्वजनिक कामात माणूस चारचौघांत बोलतो काय आणि त्याच्या मनात असते काय, ह्याबद्दल कागदाची साक्ष तेवढी आपणांपुढे ठेवतो.

आपल्या देशात दानाची सर्वांत मोठी चळवळ झाली ती भूदानाची. आचार्य विनोबा भावे आपल्या कोकणातल्या गागोद्याचे. सन १९५१ साली ते तेलंगणात पायी फिरत होते. जमिनीवरून तिकडे रक्तपात चालू होता. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. विनोबांनी सभेतच विचारले, ह्यांना कोणी जमीन देईल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केली. तेथून पुढे विनोबा वर्षानुवर्षे पायी चालले आणि देशभरातून चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात जाहीर झाली. जगात असे दुसरे उदाहरण नाही.

आता कागद काय सांगतो ते ऐका. ह्या जाहीर झालेल्या जमिनीपैकी फार मोठा भाग भूमिहीनाच्या हाती कधी गेलाच नाही. कोठे माळ-खडक निघाला, कोठे नदीचे पात्र निघाले. कोठे जमिनीवर आधीच दावा चालू होता. कोठे सभेत हार घालून घेतला, पण घरी गेल्यावर कागद काही झाला नाही. कोठे देणारा वारला आणि मुले म्हणाली, आम्हांस काही ठाऊक नाही. पुढे कमाल जमीनधारणेचे कायदे आले, आपल्याकडे सन १९६१ साली आला. कायदा येणार अशी कुणकुण लागताच देशात ठिकठिकाणी किती जमिनी भाऊबंदांच्या आणि नातेवाइकांच्या नावावर फिरल्या, हे जुन्या मंडळींना मी सांगावयास नको. समतेवर भाषण करणारे गृहस्थ आणि रात्री कागद फिरवणारे गृहस्थ पुष्कळ वेळा एकच होते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, ते ह्यालाच.

म्हणून भूदान खोटे होते काय? मुळीच नाही. ज्यांनी मनापासून दिले त्यांची जमीन आजही कोणाची तरी चूल पेटवते आहे. विनोबांच्या हेतूत तर खोट काढण्यास जागाच नाही. उणे पडले ते एवढ्यावर, की शब्द आणि उतारा ह्यांच्यामध्ये जे अंतर असते, ते चालून जाण्याची व्यवस्था पुरी पडली नाही.

मंडळी, दुसऱ्याच्या मनात काय आहे हे आपणांस कधीच कळत नाही. आमच्या कचेरीत तर तो प्रश्नच नाही. अर्जदार गंध लावून आला की टोपी घालून, हे आम्ही पाहत नाही, उतारा पाहतो. मला वाटते, सार्वजनिक कामातही हेच बरे. अमुक माणूस नावासाठी देतो, तमुक निवडणुकीसाठी देतो, असे आपण पारावर बसून बोलतो. अहो, नावासाठी का होईना, पण दिले ना? पायरीवर वडिलांचे नाव असावे असे कोणाला वाटले, तर त्यात गैर काय? नावाची हौस माणसाला असतेच. वाईट आहे ते न देता नाव मिळवणे, आणि एक सांगून दुसरेच साधणे.

गाडगेमहाराजांकडे पाहा. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि फुटके गाडगे. गावात आले की आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. दिसण्यात भिकारी, पण पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. सन १९५६ साली ते गेले, धर्मशाळा राहिल्या. त्यांचा हेतू शोधण्यास कोणाच्या मनात शिरावे लागत नाही. जाऊन इमारत पाहावी.

पण आपण सगळे गाडगेबाबा नव्हे. म्हणून आपल्यासारख्यांसाठी कायदा असतो. सन १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे देवस्थानाने हिशेब ठेवावा लागतो, तपासून घ्यावा लागतो, आणि स्थावर मिळकतीत बदल झाला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावे लागते. सन २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यापासून निवडणुकीच्या उमेदवाराला आपली मालमत्ता आणि आपल्यावरील खटले प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. सन २००५ चा माहितीचा अधिकार तर सर्वांस ठाऊक आहे. ह्यांतला कोणताही कायदा माणसाचे मन बदलत नाही. आतले बाहेर दिसावे, एवढीच सोय करतो.

आता घरची गोष्ट. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. देवळाकडे येणारी वाट रुंद करण्यासाठी शेजारच्या शेताची पट्टी ह्याच मंडपात जाहीर झाली, आपण टाळ्या वाजवल्या. ती पट्टी आजही देणाऱ्यांच्याच सातबाऱ्यावर आहे. त्यांच्या मनाविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु जमिनीचे बक्षीस नोंदणीशिवाय कायद्याने दान ठरत नाही. उद्या घरात वाटणी झाली, बँकेचा बोजा चढला, किंवा पुढच्या पिढीने तारेचे कुंपण घातले, तर पालखी कोठून न्यायची? आणि ज्याने मोकळ्या मनाने दिले, त्याच घराण्याला गाव लबाड म्हणेल. चांगल्या माणसाच्या नावाला असा डाग लागू नये, म्हणून तर कागद लागतो.

तेव्हा माझी हात जोडून तीन मागण्या आहेत. पहिली, त्या पट्टीचे बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावे, फेरफार धरावा आणि धर्मादाय कार्यालयास कळवावे. कागदपत्रांची धावपळ मी सुट्टीच्या दिवशी, एक पैसा न घेता करीन. दुसरी, भिंतीवरील फलकावर नाव चढेल ते पावती फाटलेल्याचेच. आकडा नुसता बोललेल्याचे नाही. मग तो सरपंच असो, आमदार असो की माझा सख्खा भाऊ असो. एका दिवसाची मजुरी देणाऱ्या बाईचेही नाव त्यात असावे. तिसरी, जमाखर्चाचा तक्ता दरवर्षी उत्सवाच्या दिवशी सभामंडपात, सर्वांस वाचता येईल अशा अक्षरांत लावावा.

समितीवर अविश्वास म्हणून हे बोललो नाही. हिशेब मागणे म्हणजे चोर म्हणणे, ही समजूत आपण गावातून काढून टाकली पाहिजे. ज्याने रात्री जागून सिमेंटच्या गोण्या मोजल्या, त्याचा खरेपणा तक्ता लागल्यावरच उजळून दिसेल.

कळस दुरून दिसतो, पाया कोणाला दिसत नाही; पण देऊळ उभे असते ते पायावर. आपल्या गावाचे बोलणे आणि उतारा नेहमी जुळत राहो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.