ऋतूचे दान आणि समाजाचे कर्तव्य



पाऊस सरला की जमीन रिकामी पडते, असा नागरी समज आहे. ठाणे जिल्ह्याचा अनुभव निराळा आहे. येथे वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढे आकाश कोरडे असते; परंतु भातकापणीनंतर खाचरात ओल उरते. त्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर शेतकरी वाल पिकवतो. वालाच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. डाळिंबीची उसळ घराला मिळते आणि जमिनीचा कसही टिकतो.

हा ऋतुक्रम पूर्वजांनी सणांत गुंफला. भोगीच्या भाजीत ओला हरभरा, वांगी, घेवडा. चैत्रगौरीपुढे कैरीची डाळ व पन्हे. अक्षय्य तृतीयेला आंबा. वटपौर्णिमेच्या वाणात फणस, जांभळे, करवंदे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय ऋतुचर्येचाच आहे. ग्रीष्मात मधुर, शीतल, द्रव आहार हितकर, असे तो सांगतो. ताडगोळे आणि कलिंगड नेमके त्याच काळात येतात.

हे धन आज संकटात आहे. टेमघर महापालिकेच्या हद्दीत आले, भिवंडी तालुक्यात भातखाचरांवर गोदामे उभी राहिली. गोदामांनी रोजगार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु काँक्रीटखाली गेलेल्या खाचरात वाल पिकत नाही. झाडे राखली तर काय घडते, हे पालघर जिल्ह्यातील बहाडोलीने दाखवले. तेथील जांभळाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

रानमेवा टिकवणारा खरा दुवा म्हणजे वनवासी समाज. कातकरी, ठाकूर, वारली भगिनी वैशाखाच्या उन्हात काट्याकुट्यांतून करवंदे वेचून बाजारात आणतात. दुकानातील छापील किंमत मुकाट्याने देणारा ग्राहक त्यांच्याशी मात्र दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. समरसतेची कसोटी व्यासपीठावर नव्हे, अशा व्यवहारातच लागते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. ऋतूतील स्थानिक फळ-भाजी प्रथम घ्यावी. वनवासी भगिनीला योग्य मोल द्यावे. पहिल्या पावसात अंगणी, शाळेत वा देवळाच्या आवारात जांभळाचे एक रोप लावून ते जगवावे. वटपौर्णिमेचे वाण पुढील पिढीलाही याच मातीतून मिळावे, ही जबाबदारी आजच्या पिढीची आहे.