मृत्यूनंतरचें दान
(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत केलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष म्हणजे देवाच्या उपकारांचें स्मरण करण्याचें वर्ष होय. त्या उपकारांचें वर्णन माझ्या आधींच्या वक्त्यांनीं केलेंच आहे. मी आपणांस एका ऋणाची आठवण देणार आहें व तें फेडण्याचा एक मार्ग सुचविणार आहें.

सन २०१६ चा उन्हाळा आपल्यापैकीं कोण विसरेल? लातूर शहर पाण्यावांचून तळमळत होतें. त्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडी निघाली आणि दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी घेऊन लातुरास पोंचली. पुढेंही अशा गाड्या येत राहिल्या. तें पाणी कोण पिणार, त्याची जात कोणती, धर्म कोणता, हें कोणीं विचारलें नाहीं. त्याच्याही आधीं, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीची धरणी हादरली, तेव्हांही परक्यांचे हात धांवून आले. घेणें म्हणजे काय, हें आपणांस पुरतें ठाऊक आहे. आज प्रश्न देण्याचा आहे.

आपल्या नांदेडांत व लातुरांत असे रोगी आहेत, कीं ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं असून आठवड्यांतून दोन-तीन वेळां यंत्राच्या साह्यानें रक्त शुद्ध करून घेतल्यावांचून त्यांस जगतां येत नाहीं. ज्याचें यकृत नासलें, त्याला तर तसें यंत्रही नाहीं. मग विद्येची वाण आहे काय? मुळींच नाहीं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं सन १९६८ मध्येंच हृदयारोपण केलें होतें. तो रोगी वांचला नाहीं. परंतु त्यानंतर ही विद्या फार पुढें गेली आहे. वाण आहे ती देणाऱ्यांची. सन २०२३ मध्यें साऱ्या भारतांत मृत्यूनंतर अवयव देणारे दाते १,०९९ झाले. म्हणजे दर दहा लक्ष लोकांमागें एकही भरत नाहीं. त्याच वर्षीं स्पेन देशांत हें प्रमाण ४८ हून अधिक होतें. तेथेंही घरच्या माणसांस विचारल्याशिवाय अवयव घेत नाहींत. परंतु विचारणारा मनुष्य त्या कामांत तयार झालेला असतो, आणि घरचीं माणसें बहुधा ‘होय’ म्हणतात.

आपल्याकडे काय होतें? एखादा तरुण अपघातांत सांपडतो. डोक्याला मार बसून मेंदू कायमचा बंद पडतो. श्वासयंत्रामुळें छाती हालत असते, अंग ऊन लागतें; म्हणून आईला वाटतें, लेंकरूं अजून आहे. अशा वेळीं चार डॉक्टरांचें मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानें दोन वेळां परीक्षा करून मृत्यु ठरवितें. सन १९९४ च्या कायद्यानें हें बंधन घातलें असून, अवयव काढणारे शल्यवैद्य त्या मंडळांत नसतात. त्याच कायद्यानें अवयवांचा क्रयविक्रय गुन्हा ठरविला आहे. कोणता अवयव कोणास द्यावयाचा, हें मराठवाड्यापुरतें छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय समिति प्रतीक्षायादीवरून पाहते. नांदेडाहून तें शहर अडीचशेंहून अधिक किलोमीटर दूर. आणि काढलेलें हृदय तर चार-सहा तासांच्या आंत दुसऱ्याच्या छातींत बसावें लागतें. म्हणजे ज्या घटकेस घर दुःखानें फुटत असतें, त्याच घटकेस होकार द्यावा लागतो. पुष्कळ दानें तेथेंच बुडतात. लोक निष्ठुर असतात म्हणून नव्हे, तर ती गोष्ट घरांत पूर्वीं कधीं निघालेलीच नसते म्हणून!

कोणी भाविक विचारील, “देह खंडित झाला, तर पुनरुत्थानाच्या दिवशीं मी कसा उठेन?” त्यास मी संत फ्रान्सिस झेवियर यांचें स्मरण देतों. त्यांचें शरीर गोव्यांत आहे. परंतु ज्या उजव्या हातानें त्यांनीं हजारोंना बाप्तिस्मा दिला, तो हात १६१४ सालीं वेगळा करण्यांत आला व तो आज रोममध्यें आहे. म्हणून या संताचें पुनरुत्थान अडेल काय? ज्यानें मातींतून मनुष्य घडविला, त्याला कांहींच अवघड नाहीं. मृताच्या डोळ्याचा पडदा अंधास देण्यांत मृताचा अवमान नाहीं, असें पोप बारावे पायस यांनीं १९५६ सालींच सांगितलें. पुढें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००० सालीं, दान स्वेच्छेचें असावें व त्याचा बाजार होऊं नये, असें बजावून या दानाचा गौरव केला. केरळांतील फादर डेव्हिस चिरमेल यांनीं तर २००९ सालीं जिवंतपणींच आपलें एक मूत्रपिंड एका हिंदु गृहस्थास दिलें.

जिवंतपणीं अवयव देणें सर्वांस शक्य नाहीं, तसें कोणी मागतही नाहीं. परंतु नेत्रदान तर आपल्या गांवींही करतां येतें. त्यास श्वासयंत्र लागत नाहीं. घरीं शांतपणें मरण पावलेल्या वृद्धाचे डोळेही चालतात, चष्मा असला अथवा मोतीबिंदु काढलेला असला तरी चालतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत नेत्रपेढीस कळविलें पाहिजे, डोळे मिटून त्यांवर ओला कापूस ठेविला पाहिजे, आणि खोलींतील पंखा बंद केला पाहिजे. एवढेंच.

तेव्हां माझी विनंति मोठी नाहीं. दानपत्र अवश्य भरा. परंतु पत्र कपाटांत राहतें आणि शेवटीं विचारतात तें घरच्यांना. म्हणून आज रात्रीं कुटुंबाची जपमाळ संपल्यावर दिवा मालविण्यापूर्वीं वडिलांनीं मुलांस, पत्नीनें पतीस स्पष्ट सांगावें, “माझ्यामागें माझें जें कोणाच्या उपयोगीं पडेल, तें द्या.” हें वाक्य ज्यानें ऐकलें आहे, त्याला त्या कठीण घटकेस मृताच्या इच्छेचा आधार राहील.

प्रत्येक मिस्साबलिदानांत प्रभु आपणांस आपलें शरीर देतो व आपण तें हात पसरून घेतों. ज्यांनीं इतकें घेतलें, त्यांनीं मातीस जाणाऱ्या देहांतून कोणा अनोळखी बंधूस थोडें द्यावें, हीच या ज्युबिलीची खरी कृतज्ञता होय. प्रभु आपणां सर्वांस तशी बुद्धि देवो.